नरसय्यांसाठी आलेला फोन

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, मुलीपाशी नाही, देवापाशी तर नाहीच — देवासमोर हळदकुंकू वाहते आणि पटकन मोकळी होते, तिथं रेंगाळतच नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण. फक्त एक करा. मधेच "असू द्या हो, तुमच्या जागी कुणीही असंच केलं असतं" असं म्हणू नका. ते मी स्वतःला पुष्कळदा म्हणून पाहिलंय. लागू पडत नाही.

आधी मी कशी आहे ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी सोलापुरात रेशन कार्डाच्या खिडकीवर नोकरी केली. जिभेला हाड नाही असं ऑफिसात सगळे म्हणायचे, आणि ते खरंच होतं. पण माझ्या खिडकीवर रांग म्हणजे रांग. एकदा माझ्या नणंदेचे यजमान मागच्या दारानं आत आले, "वहिनी, आपलं जरा आधी बघा" म्हणत. मी त्यांच्या दंडाला धरून रांगेच्या शेपटाला नेऊन उभं केलं, सगळ्यांदेखत. नणंद वर्षभर माझ्याशी बोलली नाही. मला काही वाटलं नाही — उलट मी ती गोष्ट चारचौघांत मिरवायची. अशी मी.

तर आमचे हे एसटीत कंडक्टर. बहुतेक वर्षं मंगळवेढ्याच्या गाडीवर. बीपीची गोळी कधी घ्यायची, कधी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची, असं करत करत दोन्ही किडन्या गेल्या. पाय सुजले, तोंडाला चव राहिली नाही, आणि मग डायलिसिस. आठवड्यातून तीनदा सुया टोचून सगळं रक्त मशीनमधून फिरवून आणायचं. माझी किडनी द्यायला मी एका पायावर तयार होते, पण मला साखर. डॉक्टर नाही म्हणाले. थोरले दीर "बघू" म्हणाले, ते अजून बघतायत. मग राहिली काय? यादी.

यादीचं थोडक्यात सांगते. एखादा माणूस अपघातात वगैरे मेंदूनं मेला आणि घरच्यांनी मन मोठं केलं, तर त्याच्या दोन किडन्यांपैकी एक आमच्याच दवाखान्यातल्या पेशंटला मिळायची आणि दुसरी पुण्याकडे जायची. रक्तगट जुळणाऱ्यांत जो जास्त दिवस डायलिसिसवर, तो साधारण पुढे. आमच्या गटात आमच्या दवाखान्यात यांचा नंबर दुसरा होता. पहिला नरसय्यांचा.

नरसय्या म्हणजे यांच्या शेजारच्या खाटेवरचे. तेलुगू माणूस, लूमवर टॉवेल विणायचा. राहायला कुंभारीच्या घरकुलात, बायको पद्मा विड्या वळणारी, दोन मुली. माणूस काही साधुसंत नव्हता हं, उगाच मोठा करून सांगत नाही. नर्सची नजर चुकवून चहा प्यायचा. वजनकाट्यावर उभं राहताना खिशातला मोबाईल मुद्दाम काढायचा नाही आणि मग पाणी जास्त झाल्याचं खापर मोबाईलवर फोडायचा. मी ओरडायचे, "नरसय्या, कुणाला फसवता? मशीनला?" तर हसायचे. मला अक्का म्हणायचे, यांना सायेब. कंडक्टरला कोण सायेब म्हणतं? नरसय्या म्हणायचे, आणि यांना ते आवडायचं.

डायलिसिसवाल्यांचं मोठं दुःख सुया नाही. पाणी. लघवीच होत नाही, मग प्यायलेलं जाणार कुठं? घोट मोजून प्यायचे. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक असेल, तर त्यात एक घोट म्हणजे काय ते मी सांगायला नको. ही दोघं बर्फाचा एकेक खडा जिभेवर धरून शेजारी शेजारी पडायची आणि पाण्याच्या गप्पा मारायची. कुठल्या गावच्या विहिरीचं गोड, कुठल्या स्टँडवरचं मचूळ. नरसय्या म्हणायचे, "सायेब, किडनी बसली की मी पयलं काय करनार? तांब्या तोंडाला लावनार. खाली ठेवनारच न्हाय."

आता फोनचं. यादीत नाव असलं की दवाखान्याला दोन मोबाईल नंबर द्यावे लागतात — किडनी आली की वेळ थोडा असतो, तासा-दोन तासात माणूस हजर पाहिजे. नरसय्यांच्या घरात मोबाईल एकच. आणि ते शेडमध्ये कामाला. लूमचा खडखडाट तुम्ही कधी ऐकलाय? शेजारचा माणूस काय बोलतो ते तिथं ओठ बघून ओळखावं लागतं. सदरा खिळ्याला टांगलेला, मोबाईल सदऱ्याच्या खिशात. वाजला तरी कळणार कुणाला? म्हणून त्यांनी दुसरा नंबर माझा दिला. मला विचारूनच. म्हणाले, "अक्का, तुमी हापिसातल्या. तुमाला समजतंय बोलायला." मी म्हटलं, द्या की, त्यात काय.

त्यात काय. बघा, असं सहज बोलून जातो आपण.

मी फिरून फिरून तिथंच येतेय, पण आत शिरत नाहीये, हे माझ्या लक्षात येतंय. थांबा. सांगते.

त्या दिवशी आमच्याकडे नळाला पाणी आलं होतं. आमच्याकडे चार-पाच दिवसांआड येतं, त्यामुळे त्या दिवशी मी रजाच टाकायची. हे आतल्या खोलीत झोपले होते, आदल्या दिवशी डायलिसिस झालेलं, अंगात त्राण नव्हतं. मी बॅरलमध्ये पाइप सोडून उभी. फोन वाजला. ओढणीला हात पुसून फोन घेतला.

दवाखान्यातल्या कोऑर्डिनेटर मॅडम. हे किडनीचं सगळं जुळवून आणायचं काम त्यांचं. घाईत होत्या. म्हणाल्या, एक किडनी मिळतेय, नरसय्यांचा पहिला नंबर आहे, पण त्यांचा फोन कुणी उचलत नाही, पाच वेळा लावला. तुम्ही त्यांना निरोप द्या, ताबडतोब यायला सांगा, काही खाऊ-पिऊ नका म्हणावं. आणि तुमच्या मिस्टरांनाही घेऊन या, स्टँडबाय म्हणून. नरसय्यांचं जुळलं नाही, तर.

तर.

त्या एका शब्दाशी मी उभी होते. बॅरल भरून वाहत होतं, माझे पाय भिजत होते, आणि मला सगळं स्वच्छ दिसत होतं. नरसय्या शेडमध्ये आहेत. शेडचा पत्ता मला माहीत आहे. रिक्षानं फार तर वीस मिनिटं. मुकादमाला मी ओळखते. हे सगळं माहीत असून मी म्हणाले, "मॅडम, ते सोलापुरात नाहीत हो. करीमनगरला गेलेत, भावाच्या मुलीच्या लग्नाला."

लग्न खरं होतं. त्याच दिवशी होतं. पण नरसय्या गेले नव्हते. आदल्याच दिवशी खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी आम्हाला सांगितलं होतं, पुतणीला अंगाखांद्यावर खेळवलंय, पण जात नाही. म्हणाले, मी तिकडं आणि फोन हिकडं आला म्हणजे? पद्मा त्यावरून रुसून बसली होती. पुतणीच्या डोक्यावर अक्षता टाकायचं सुख त्या माणसानं सोडलं ते ज्या फोनसाठी, तो फोन माझ्या हातात होता. आणि मी नेमकं तेच लग्न काढलं! दुसरं खोटं सुचलं नाही का मला? सुचायला वेळच लागला नाही, हे खरं. जिभेवर तयार होतं.

मॅडम चिडल्या. "अहो, जाऊ नका म्हटलं होतं की मी त्यांना! कुंभारीला कुणाला पाठवून बघू का?"

इथं थांबता आलं असतं. मला थांबायला जागा होती. "बघा पाठवून," एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं — पद्मा घरीच विड्या वळत बसली असणार, ती धावत शेडवर गेली असती. मी म्हणाले, "कुलूप आहे मॅडम, सगळेच गेलेत, काल रात्रीच्या गाडीनं."

"बरं, मग तुम्ही निघा लगेच," त्या म्हणाल्या.

मी पाइप काढला, नळ बंद केला आणि यांना उठवायला गेले.

एवढंच असतं तर कदाचित मी स्वतःला म्हटलं असतं, घाबरले, तोंडून निघून गेलं. पण एवढंच नाही. मी पिशवीत यांचे कपडे भरत होते. रिक्षा बोलावली होती. हे देवापुढे उभे होते. आणि नरसय्यांचा फोन आला. जेवणाच्या सुट्टीत शेडबाहेर येऊन त्यांनी मोबाईल बघितला होता. मॅडमनी घाईत आयसीयूतल्या टेबलावरच्या फोनवरून लावलेलं, म्हणून नंबर त्यांना ओळखू येईना. उलटा लावला तर नुसताच वाजत राहिला.

"अक्का, कुटला तर नंबर हाय, लई येळा आलता. किडनीचा तर नसंल?"

मी म्हणाले, "किडनीचा असता तर मला आला नसता का?"

"व्हय की," ते म्हणाले. हसले. "मग ते कार्ड इकनारे असतील. बरं, जेवा."

जेवा म्हणाले मला. त्या क्षणीसुद्धा वेळ गेलेली नव्हती. अक्कलकोट रोडवरच्या त्यांच्या शेडपासून दवाखाना असा कितीसा लांब? मी फोन पर्समध्ये ठेवला आणि रिक्षात बसले. सगळ्या वाटेत यांचा हात धरून होते. त्यांना वाटलं मी देवाचं नाव घेतेय.

जुळली. बसवली. दुसऱ्या दिवशी पिशवीत लघवी दिसली तेव्हा मी त्या वॉर्डाबाहेर आनंदानं रडले. हे मला सांगितलंच पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल मी तेव्हापासून झुरते आहे. नाही. मी पेढे वाटले. शेजारपाजारचे म्हणाले, देव तारी त्याला कोण मारी. मी मान डोलावली. त्या आनंदात एक क्षण नरसय्या आठवले नाहीत का? आठवले. ताटात माशी दिसावी तसे आठवले, आणि मी हातानं हाकलून दिलं.

पुढे हे घरी आले. जंतूंची भीती म्हणून कुणाला आत घ्यायचं नाही. पंधरवड्यानं नरसय्या आले, तोंडाला मास्क बांधून, एकटेच. मी दार उघडलं. आता विचारणार — अक्का, पहिला तर मी होतो. उत्तर मी तयार ठेवलं होतं, जुळणीचं काहीतरी. पण त्यांनी विचारलंच नाही. "आत येत न्हाय, दारातनंच बगतो," म्हणाले. हे आत पलंगावर बसलेले. नरसय्यांनी त्यांना डोळे भरून पाहिलं. मग म्हणाले, "सायेब, पानी पिता का आता? पोटभर?"

हे म्हणाले, डॉक्टर सांगतात भरपूर प्या.

"मग पिऊन दावा की. तांब्याभर."

ह्यांना गंमत वाटली. मी तांब्या भरून आणून दिला. माझ्याच हातानं. हे घटाघटा प्यायले, मधे श्वास घेतला, परत प्यायले. नरसय्या चौकटीला हात लावून उभे. त्यांचा गळा हलत होता, यांच्या घोटाबरोबर. शेवटचा थेंब संपेपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही. मग "लई भारी" म्हणाले, मला "येतो अक्का" म्हणाले, आणि गेले. जाताना जिना सावकाश उतरले, धाप लागत होती.

पुढचा उन्हाळा त्यांनी काढला नाही. त्यांच्या गटाची किडनी सोलापुरात परत आलीच नाही. डायलिसिसच्या सुया टोचायची हाताची शीर बंद पडली, मानेतून नळी घातली, त्यातून जंतू शिरले आणि रक्तात पसरले. मी कुंभारीला गेले. पद्मा माझ्या गळ्यात पडली. "अक्का, तुमच्याशिवाय आमाला दवाखान्यातलं कोन सांगत होतं?" असं म्हणून रडली. आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. कुठून आणला मी तो हात?

त्यानंतर सुरू झालं. आधी नाही, त्यानंतर. हे आता खणखणीत आहेत. पहाटे उठतात, चालायला जातात, दोन वेळच्या गोळ्या वेळेवर घेतात — आता एक चुकवत नाहीत. आणि पाणी पितात. घरात बसून मला तो आवाज ऐकू येतो, घोटाचा, आणि मी दुसऱ्या खोलीत निघून जाते. नळ सुरू ठेवून फोन घेत नाही. अनोळखी नंबर आला की फोन यांच्या हातात देते. ज्या कुणाच्या घरच्यांनी ती किडनी दिली, त्यांनी ती रांगेतल्या पहिल्या माणसाला दिली होती. मला माझ्या मनानं वाटून द्यायला दिली नव्हती. यांच्या कुशीवरच्या टाक्यांवर हात पडला की मला वाटतं, हे दुसऱ्याचं आहे, मी उचलून आणलंय. आणि हे म्हणतात, काय गं, हात का काढलास?

परत तसाच फोन आला तर काय करशील? हे मी स्वतःला विचारते. तुम्हाला हवं ते उत्तर मला देता येत नाही. यांचं तोंड बघते आणि देता येत नाही. वाईट याचंच वाटतं.

गेल्या महिन्यात अवयवदानाचा कार्यक्रम झाला. यांना बोलायला बोलावलं होतं. कंडक्टर माणूस, माईक हातात आला की सोडतो थोडाच! म्हणाले, मी साधा माणूस, माझ्यामागे ना पैसा ना पुढारी. तरी माझा नंबर आला. का? तर इथं वशिला चालत नाही. टाळ्या पडल्या. पद्मासुद्धा आली होती, ती तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. मला बसवेना. उठून मागं चहाच्या टेबलापाशी गेले.

तिथं कोऑर्डिनेटर मॅडम भेटल्या. यांचं कौतुक केलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांना बघितलं की मला नरसय्या आठवतात हो. त्यांना ते लग्न फार महागात पडलं. तुमचं ऑपरेशन झालं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते डायलिसिसला आले, तेव्हा मी रागावलेसुद्धा. म्हटलं, तुमचा पहिला नंबर होता, आम्ही फोन लावत बसलो, आणि तुम्ही सांगूनही करीमनगरला गेलात?"

माझ्या हातातला कप मी टेबलावर ठेवला. विचारलं, काय म्हणाले ते?

"काय म्हणणार? म्हणाले, व्हय मॅडम, गेलतो. चुकलं माजं."

म्हणजे आमच्या दारात आले, चौकटीला हात लावून उभे राहिले, तेव्हा त्यांना माहीत होतं. तांब्या मी आणून दिला तेव्हा माहीत होतं. मला अक्का म्हणाले तेव्हाही. का गप्प बसले? पद्मालासुद्धा का सांगितलं नाही? यांना लागलेली किडनी कुणी काढून घेईल असं वाटलं का त्यांना? की माझ्यासारखीशी भांडून काय मिळणार, असं? मला कळत नाही, आणि ते चांगले होते म्हणून गप्प बसले असं म्हणून मी सुटका करून घेणार नाही.

कार्यक्रम संपल्यावर पद्मा मला शोधत मागं आली. म्हणाली, सायेब लई छान बोलले. मी हो म्हणाले. तिला बसस्टॉपपर्यंत सोडलं, तिची बस येईपर्यंत उभी राहिले. धाकटीचं लग्न ठरतंय म्हणाली, तुमीच पुढं होऊन बघा अक्का, मला काय कळतंय. मी बरं म्हटलं.

नरसय्या त्या दिवशी सोलापुरातच होते. हे मॅडमना अजून माहीत नाही, पद्माला माहीत आहे, आणि त्या दोघी अजून या विषयावर एकमेकींशी बोललेल्या नाहीत. बोलतील तेव्हा बोलतील. ते उघड पडेल म्हणून मी आधी बोलतेय, असं नाही. नरसय्यांच्या नावानं आलेली किडनी मी माझ्या नवऱ्याला लावली, नरसय्यांनी ते ओळखलं, आणि ते तहानलेलेच गेले. हे मी केलं.